मागच्या चाकांची कुरकुर

घरांत कोठें कुरकुर ऐकूं आली कीं तेलाची बुधली हातीं घ्यावयाची, ही आपली पिढीजात रीत आहे. झोपाळ्याच्या कड्या करकरूं लागल्या, दाराच्या बिजागऱ्या रडूं लागल्या, किंवा विहिरीवरचा रहाट ओरडूं लागला, म्हणजे दोन थेंब तेल सोडावें आणि स्वस्थ व्हावें. बैलगाडीच्या आंसालाहि वंगणाखेरीज दुसरें औषध कोणीं दिलें नाहीं. ही संवय इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, मोटारीनें तक्रार केली तरी आपला हात प्रथम तेलाकडेच जातो. परंतु मोटारींत एक जागा अशी आहे कीं, तेथील कुरकुरीवर तेल घालणें म्हणजे मृत्यूला घरचें आमंत्रण देणें होय. ती जागा म्हणजे ब्रेक. यंत्राचे इतर भाग घर्षण टळावें म्हणून जपावे लागतात. ब्रेकचा जन्मच घर्षणासाठीं झालेला असतो. तेव्हां त्याच्या कुरकुरीचा अर्थहि निराळा आणि तिचा उपायहि निराळा. हा अर्थ कळण्यास आम्हांस स्वतःस जवळ जवळ एक महिना लागला. वाचकांचा तो महिना वांचावा, एवढ्याचसाठीं हें लिहीत आहों.

गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां आमच्या थोरल्या गाडीच्या मागच्या बाजूनें एक बारीक, कर्णकर्कश आवाज येऊं लागला. गाडी सात माणसांची, उंच बांध्याची. आजकाल सर्वत्र जिला एस्. यू. व्ही. म्हणतात त्या जातीची. दिवाळीनंतर व्याडेश्वराच्या दर्शनास गुहागरास जावयाचें ठरलें होतें. बरोबर ऐंशी वर्षें उलटलेल्या मातोश्री आणि दोन लहान नातवंडें असावयाचीं होतीं. आणि वाट म्हणजे पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर अशी जाऊन पुढें कुंभार्ली घाट उतरून चिपळूणची. अशा वेळीं ब्रेकविषयींची शंका ही क्षुल्लक बाब नव्हे.

तो आवाज प्रथम ऐकला आमच्या सौभाग्यवतींनीं. मातोश्रींच्या सोबतीस त्या नेहमीं मागें बसतात. “मागं डाव्या बाजूला कांहीतरी किंचाळतंय,” असें त्यांनीं दोन वेळां सांगितलें. आम्ही चालकाच्या जागीं, कांचा बंद, थंड हवेचें यंत्र चालूं. आम्हांस कांहींच ऐकूं येईना. “पावसानं गंज धरला असेल, जाईल आपोआप,” असें उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों. पुढें तो आवाज आमच्याहि कानीं पडूं लागला, तेव्हां गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. ब्रेक वाजतात एवढें ऐकून तेथें पुढच्या चाकांचे पॅड बदलून मिळाले, बिल मिळालें, आणि आवाज होता तेथेंच राहिला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण अशा प्रसंगासाठींच जन्मली असावी. दुसऱ्या ठिकाणीं एका तरुण कारागिरानें मागच्या चाकाच्या आऱ्यांतून विजेरीचा झोत टाकून आंत पाहिलें आणि “पॅड अजून निम्मा शिल्लक आहे, काका, बिनधास्त जा,” असा निर्वाळा दिला. त्यानें जें पाहिलें तें खरें होतें. त्यावरून काढलेलें अनुमान मात्र चुकीचें होतें. तें कसें, हें समजण्यास ब्रेकची रचना थोडीशी ठाऊक पाहिजे.

चाकाबरोबर फिरणारी एक बिडाची तबकडी असते. कारागीर तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पाठीवर डकविलेला घर्षणद्रव्याचा जाड थर. या दोहोंना कवेंत घेणारा जो लोखंडी चिमटा, तो कॅलिपर. पेडल दाबलें कीं ब्रेक ऑइलच्या दाबानें कॅलिपरमधील दट्ट्या पुढें येतो आणि आंतल्या बाजूचा पॅड तबकडीवर दाबतो. मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतो? दट्ट्या तर एकाच बाजूस आहे. येथील युक्ति अशी कीं, सबंध कॅलिपर दोन गुळगुळीत खिळ्यांवर सरकेल असा बसविलेला असतो. आंतला पॅड तबकडीस टेकला कीं कॅलिपर उलट दिशेनें सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून तबकडीवर आणतो. खिळे मोकळे असले म्हणजे दोन्ही पॅड सारखे झिजतात. खिळे गंजून धरले, तर मात्र आंतला पॅड एकटा राबतो आणि एकटाच झिजतो; बाहेरचा बहुतेक आयता बसून राहतो. आणि आऱ्यांतून दिसतो तो हा बाहेरचा!

या तळहाताएवढ्या वस्तूवर भार केवढा पडतो, याची आपणांस सहसा कल्पना नसते. अशी गाडी रिकामीच दोन टनांच्या आसपास भरते. माणसें आणि सामान चढलें म्हणजे अडीच टन होण्यास वेळ लागत नाहीं. अडीच टनांची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें साडेतीन लाख ज्यूल गतिशक्ति असते. गाडी उभी राहिली म्हणजे ही शक्ति नाहींशी होत नाहीं, तिची उष्णता होते. आणि ती उष्णता एक लिटर साधें पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. हा झाला एकदां थांबण्याचा हिशेब. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर सुमारें सव्वा कोटी ज्यूल कोठें तरी जिरावे लागतात. म्हणजे न्हाणीघरांतील एक भला मोठा, चाळीस लिटरांचा बंब उकळेल एवढी ही उष्णता. हिच्यांतील कांहीं वांटा वारा आणि इंजिन उचलतात; उरलेला सर्व पॅड आणि तबकड्या यांच्या माथीं. घाटांत ब्रेक धड असावे, असें वडीलधारे कां बजावतात, तें या हिशेबावरून ध्यानांत यावें.

आतां आवाज कां होतो तें पाहूं. पॅड तबकडीवर अखंड सरकत नाहीं. तो क्षणभर चिकटतो, क्षणभर निसटतो, पुन्हां चिकटतो. सारंगीच्या गजाचें काम असेंच चालतें. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. ते तारेला धरतात, ओढतात, सोडतात, आणि या धरसोडींतून स्वर उत्पन्न होतो. ब्रेकमध्यें तारेच्या जागीं तबकडी असते. ती घंटेसारखी निनादूं लागते, आणि तिचे कंप दर सेकंदास एक हजारापासून पंधरा हजारांपर्यंतहि जातात. म्हणूनच तो आवाज इतका बारीक आणि कानांत घुसणारा असतो. तो थांबविण्याचे सरळ मार्ग दोनच. एक तर पॅड आणि तबकडी यांचे पृष्ठभाग ठीक करून धरसोड कमी करावयाची, किंवा पॅडच्या पाठीमागें कंप गिळणारी पत्र्याची पातळ चकती व वंगणाचा हात ठेवून निनाद मारावयाचा. पॅडच्या पाठीस वंगण आणि तोंडास वंगण, या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें मात्र विसरूं नये.

ही कुरकुर मोटारीइतकीच जुनी आहे. इ. स. १८८८ मध्यें बर्था बेंझ ही बाई आपल्या पतीनें बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, जर्मनींतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरीं गेली. उतारावर लांकडी ब्रेक झिजून निकामी होऊं लागले, तेव्हां तिनें वाटेंतील एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. मोटारीच्या ब्रेकला मिळालेलें हें पहिलें अस्तर म्हणून त्याची नोंद होते. पुढें १९०२ मध्यें इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. त्यांत धातूवर धातू घासे आणि त्याची किंकाळी असह्य होई. थोड्याच वर्षांत हर्बर्ट फ्रूड यांनीं अॅस्बेस्टॉसचें अस्तर योजून तो आवाज शमविला. सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु त्या अस्तराची धूळ फुप्फुसांत जाऊन प्राणघातक विकार जडतात, हें पुढें सिद्ध झालें. आज नामांकित कारखाने पॅडमध्यें अॅस्बेस्टॉस घालीत नाहींत. तरीहि ब्रेकची धूळ तोंडानें अगर वाऱ्याच्या नळीनें फुंकूं नये. ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असें नव्हे, एवढा धडा या इतिहासांत पुरेपूर आहे.

मागचीच चाकें अधिक कां कुरकुरतात, असा प्रश्न आम्हांसहि पडला होता. ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून थांबविण्याचें मोठें काम पुढचीं चाकें करतात. मागच्या ब्रेकना हलकें काम मिळतें. हलकें काम म्हणजे सुख असें आपणांस वाटेल. पण येथें उलटा न्याय आहे. पुरेसे तापत आणि घासत नसल्यामुळें त्यांच्यावर गंज आणि चिखल टिकून राहतो, पॅडचें तोंड काचेसारखें गुळगुळीत होतें, आणि मग तें तबकडीला नीट धरीनासें होतें. शिवाय हलका ब्रेक दाबला असतां गाडी पुढें डुलूं नये म्हणून अलीकडील कित्येक गाड्यांतील विजेची यंत्रणा मागच्या चाकांवर पूर्वीपेक्षां अधिक काम टाकते. त्यामुळें मागचे पॅड अपेक्षेपूर्वींच संपलेले आढळतात. थोरल्या गाड्यांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पुष्कळांच्या मागच्या तबकडीच्या पोटांतच हँडब्रेकचा लहानसा ड्रम असतो, आणि त्याचे लायनर घासूनहि आवाज येतो. आणि मागचा आंस अखंड पोलादी नळीचा असला, तर तिच्या टोकाचें रबरी सील फाटून गिअरचें तेल ब्रेकवर पाझरूं शकतें. तेल प्यालेला पॅड धुऊन भागत नाहीं. तो टाकूनच द्यावा लागतो.

सर्वच आवाज भिण्यासारखे नसतात. म्हणून आधीं ते ओळखावयास शिकावें. पावसाळ्यांत सकाळीं गाडी काढतांना दोन-चार वेळां ब्रेक दाबीपर्यंत जी करकर होते, ती रात्रभरांत तबकडीवर धरलेल्या तांबड्या गंजाची. ती आपोआप जाते व तिची चिंता नको. नवे पॅड घातल्यावर थोडे दिवस आवाज येतो, तोहि बहुधा पॅड आणि तबकडी एकमेकांस रुळेपर्यंतचा. गाडी हळू चालत असतां, हलका ब्रेक दाबतांच जी शीळ वाजते, ती गुळगुळीत झालेल्या पॅडची किंवा पाठीमागची चकती निसटल्याची असण्याचा संभव असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां असा ठेका धरून आवाज आला, तर तबकडी वांकडी आहे, अथवा तबकडी आणि तिच्या मागचा संरक्षक पत्रा यांत खडा अडकला आहे असें समजावें. परंतु दोन आवाजांना मात्र सवड देऊं नये. पहिला, गाडी चालतांना येणारी बारीक अखंड किंचाळी, जी पुष्कळ वेळां ब्रेक दाबतांच थांबते किंवा बदलते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला कीं तबकडीस टेकावी अशी एक चिमुकली पोलादी पट्टी त्यावर बसविलेली असते. ही तिची हांक. दुसरा, जाडी भरडी खरखर, जी पायाखालीं पेडललाहि जाणवते. तेथें पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असतें. अशी गाडी चालवीत कारखान्यांत नेण्याचाहि मोह टाळावा. ती ओढून न्यावी हें बरें.

आवाज कोणत्या चाकाचा, हें ठरविण्याची सोपी रीत अशी. एखाद्या लांब भिंतीच्या कडेनें, कांचा उघड्या ठेवून, गाडी सावकाश न्यावी आणि मागें एका चांगल्या कानाच्या माणसास बसवावें. भिंत आवाज परत देते. मग परतून दुसरी बाजू भिंतीकडे करावी. दुसरी परीक्षा उष्णतेची. पांच-सहा किलोमीटर फारसा ब्रेक न दाबतां जाऊन थांबावें आणि चारहि चाकांजवळ हात न्यावा. स्पर्श मात्र करूं नये. एक चाक इतरांहून स्पष्ट अधिक तापलें असेल, तर तेथील पॅड सुटत नाहीं असें जाणावें.

अखेर ज्या वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गेलों, त्यांनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं. ते स्वतः मागें बसले, भिंतीकडेनें दोन फेऱ्या मारावयास लावल्या, आणि “मागचं डावं,” एवढेंच बोलले. आमच्या सौभाग्यवतींनीं महिन्यापूर्वीं सांगितलेले तेच दोन शब्द! मग सपाट जमिनीवर गाडी उभी करून त्यांनीं पुढच्या चाकांस दोन्हीकडून दगड लावले. कारण मागचें चाक तपासावयाचें तर हँडब्रेक सोडावा लागतो, आणि मग गाडीला धरून ठेवणारें दुसरें कांहीं उरत नाहीं. जॅकनें गाडी उचलल्यावर तिच्याखालीं लोखंडी घोडी लावल्याखेरीज त्यांनीं हात आंत घातला नाहीं. चाक निघालें, कॅलिपर उघडला, आणि दोन पॅड त्यांनीं आमच्या हातावर ठेवले. बाहेरचा सहा मिलिमीटर शिल्लक होता. आंतला दोन मिलिमीटरहि नव्हता. एका खिळ्यावरचें रबरी बूच फाटून पावसाचें पाणी आंत गेलें होतें व खिळा गंजून जागच्या जागीं घट्ट बसला होता.

आंतल्या पॅडवरील ती चिमुकली पट्टी तबकडीवर घासून चकचकीत झाली होती. तिच्यावर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले, “साहेब, ही पट्टी कंपनीनं ओरडायलाच बसवलीय. ही महिनाभर सांगत होती, आणि तुम्ही तिचं तोंड बंद करायला निघाला होता.” यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

पुढील काम दोन तासांचें झालें. खिळे काढून, घासून, नव्या रबरी बुचांसह बसविले. त्यांना लावावयाचें वंगण सिलिकॉनचें असावें लागतें. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसनें रबर फुगतें आणि खिळा पुन्हां धरतो. पॅड ज्या खाचांत सरकतो त्या तारेच्या ब्रशानें साफ केल्या, आणि पॅडच्या कानांस व पाठीस उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदीं पातळ हात दिला. तबकडीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मोजून पाहतां आमची तबकडी त्याहून जाड भरली, म्हणून ती ठेवली. पॅड मात्र दोन्ही मागच्या चाकांचे एकदम बदलले. एकच बाजू बदलली तर गाडी ब्रेक दाबतांना एका अंगास ओढते. दट्ट्या मागें रेटतांना ब्रेक ऑइल टाकीवाटे वर येतें, तें रंगावर सांडूं देऊं नये. तें ऑइल हवेंतील ओल शोषतें व त्यामुळें लौकर उकळूं लागतें. म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीनें, बहुधा दर दोन वर्षांनीं, तें बदलावें. ज्या गाड्यांचा हँडब्रेक विजेवर चालतो, त्यांचा दट्ट्या बळानें दाबूं नये. त्यासाठीं यंत्रणेस आधीं दुरुस्तीच्या स्थितींत आणावें लागतें, आणि तें जाणत्याचेंच काम आहे.

काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल कडक लागेपर्यंत अनेक वेळां दाबलेंच पाहिजे. मागें सरकविलेला दट्ट्या पॅडला टेकेपर्यंत पहिलें पाऊल पोकळींत जातें, आणि हें विसरणाऱ्याची गाडी समोरच्या भिंतीवरच थांबते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशीं ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, बेताच्या दाबानें, आठ-दहा वेळां वेग उतरवावा. मध्यें थोडें अंतर निवण्यासाठीं सोडावें, आणि तापलेल्या ब्रेकवर गाडी दाबून उभी करूं नये. यानें नव्या पॅडचा पातळ लेप तबकडीवर सारखा बसतो आणि पुढची कुरकुर टळते.

आवाज मारण्यासाठीं पॅडच्या तोंडावर किंवा तबकडीवर तेल, ग्रीस, वा गंज सोडविण्याचा फवारा मारण्याचा सल्ला देणारे महाभाग अजूनहि भेटतात. आवाज त्यानें खरोखरच जातो. त्याबरोबर ब्रेकहि जातो. कारखान्यांत गेल्यावर मात्र आपण एक हट्ट जरूर धरावा. चाक उतरवून आंतला पॅड डोळ्यांना दाखविल्यावांचून “ठीक आहे” हा शब्द स्वीकारूं नये. यांत कोणाचा अविश्वास नाहीं. जी वस्तू दिसत नाहीं तिच्याविषयीं कारागिरानें तरी काय सांगावें?

ठरल्या दिवशीं आम्ही पहांटेस निघालों. कुंभार्लीच्या माथ्यावर थंड हवेचें यंत्र बंद केलें, चारहि कांचा खालीं केल्या, गाडी खालच्या गिअरमध्यें घातली आणि इंजिनच्या धरानें, ब्रेक अधूनमधून दाबीत, कान मागें ठेवून उतरूं लागलों. दरीकडून वारा येत होता, पाखरें ओरडत होतीं. मागच्या चाकांकडून कांहीं ऐकूं येत नव्हतें. तळाशीं सपाटी लागल्यावर मातोश्री डुलकींतून जाग्या झाल्या आणि सुनेस म्हणाल्या, “घाट आला कां गं?”

“उतरला सुद्धां, आई,” सौभाग्यवती म्हणाल्या.